खांदा दुखतो, पण एमआरआय कशासाठी?

खांदा दुखत असल्याचे कुणाला सांगितले की, नेमका कुठे दुखतो, काय केल्यावर दुखतो, हे विचारण्याआधी 'एमआरआय केला का?' हा प्रश्न येतो. माझा उजवा खांदा बरेच महिने कुरकुरतो आहे. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते आणि रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. त्यामुळे हा प्रश्न मी पुष्कळांकडून ऐकला, त्यावर बरेच वाचले, आणि डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट या दोघांनाही कंटाळा येईपर्यंत विचारून घेतले. मी वैद्यकातला जाणकार नाही, तेव्हा पुढचे लेखन हे एका रुग्णाने स्वतःचा निर्णय घेताना केलेला विचार म्हणूनच वाचावे. त्या विचारातून माझे असे मत झाले की, स्कॅन करायचा की नाही हे ठरवण्याआधी त्या स्कॅनला आपण काय विचारणार आहोत हे ठरले पाहिजे. खांद्यात काय काय आहे हे एमआरआय फार चांगले दाखवतो. त्यातले दुखते काय, हे त्याला अनेकदा सांगता येत नाही.

हा फरक समजायला सांध्याची रचना थोडी पाहावी लागते. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. खांद्यात मात्र दंडाच्या हाडाचा गोळा जवळजवळ बशीवर ठेवल्यासारखा असतो. म्हणूनच हात एवढ्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच त्या गोळ्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांपेक्षा स्नायूंवर पडते. खांद्याच्या पात्यापासून निघणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, पुढून, वरून आणि मागून येऊन त्या गोळ्याला चिकटतात. त्या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांतली सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा अ‍ॅक्रोमियन नावाच्या हाडाच्या छपराखालून जाते आणि आयुष्यभर ताण सोसते. वयाबरोबर ती विरत जाते, काही ठिकाणी अर्धवट आणि काही ठिकाणी आरपार फाटते, आणि हे सगळे ज्याच्या खांद्यात घडते त्याला त्याचा पत्ता असतोच असे नाही.

हे शेवटचे वाक्य मी सहज लिहिले असले तरी या विषयातली सगळी गुंतागुंत त्यातच आहे. १९९५ साली अमेरिकेतील संशोधकांनी खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले. त्यांतील सुमारे एकतृतीयांश लोकांच्या रोटेटर कफमध्ये फाटलेला भाग दिसला. साठीपुढच्या गटात हे प्रमाण ५४ टक्के होते, आणि त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांची कंडरा आरपार फाटलेली होती. चाळिशीच्या आतल्या गटात मात्र आरपार फाटलेले एकही उदाहरण नव्हते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात चाळीस ते सत्तर या वयातील, खांदा अजिबात न दुखणाऱ्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली, तेव्हा त्यांतील ९६ टक्के लोकांच्या खांद्यात काही ना काही 'दोष' नोंदवला गेला. हे सारे लोक आपापली कामे करत होते, आणि त्यांचा रिपोर्ट हाती ठेवून त्यांना कुणी सांगितले असते की तुमचा खांदा दुखत असणार, तर त्यांना आश्चर्यच वाटले असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे: ज्यांचे दुखत नाही त्यांच्यात काय दिसते याच्याशी आपल्याला काय करायचे आहे, आपले तर दुखते आहे. म्हणून मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो एकच खांदा दुखणाऱ्या लोकांचे दोन्ही खांदे तपासणारा अभ्यास. २०१९ सालच्या अशा एका अभ्यासात १२३ जणांच्या दोन्ही खांद्यांचे एमआरआय काढले गेले. दुखऱ्या आणि न दुखणाऱ्या बाजूंच्या चित्रांत बहुतेक बाबतींत फारसा फरक आढळला नाही. सुप्रास्पायनेटसची आरपार फाटलेली कंडरा आणि सांध्याची झीज या दोनच गोष्टी दुखऱ्या बाजूला काहीशा अधिक होत्या, आणि तो फरकही साधारण १० टक्क्यांचा होता. याचा अर्थ स्कॅन खोटे बोलतो असा नाही. माझ्या उजव्या खांद्याच्या रिपोर्टमध्ये 'कंडरा अर्धवट फाटलेली, बर्सामध्ये थोडे पाणी, वरच्या सांध्यात झीज' असे (बर्सा म्हणजे कंडरा घासू नये म्हणून असलेली मऊ पिशवी) लिहून आले, तर ते खरेच असेल. पण डाव्या खांद्याचा रिपोर्टही बहुधा तसाच येईल. अशा वेळी त्या तीन ओळींतली कोणती ओळ रात्रीची झोप मोडते, हे ठरवायला रिपोर्टबाहेरचेच काहीतरी लागते.

ते 'बाहेरचे काहीतरी' म्हणजे हाताने केलेली तपासणी. माझ्या डॉक्टरांनी आधी मला हात स्वतःहून बाजूने वर न्यायला सांगितला. साधारण ६० अंशांपासून १२० अंशांपर्यंत कळ आली, आणि त्यापुढे ती कमी झाली. मग हात पूर्ण सैल सोडायला सांगून तोच हात त्यांनी स्वतः वर नेला, आणि तो कानाला लागेपर्यंत गेला. त्यानंतर कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवायला लावले, मनगट धरून पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवला आणि दोन्ही बाजू सारख्याच फिरतात का ते पाहिले. शेवटी त्याच टोकाच्या स्थितीत हात ठेवून मनगट सोडून दिले आणि 'इथेच धरून ठेवा' असे सांगितले. हात तिथेच राहिला. तो आपोआप आत कलला असता, तर मोठी कंडरा फाटल्याची शंका त्यांनी घेतली असती आणि त्याच दिवशी स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली असती.

या चार-पाच हालचालींमधून केवढी छाननी होते हे मला आधी ठाऊक नव्हते. रुग्णाला हात उचलता येत नाही आणि दुसऱ्यानेही तो उचलला जात नाही, विशेषतः बाहेरच्या बाजूला फिरत नाही, तर सांधाच आखडलेला आहे. मग फ्रोझन शोल्डर, सांध्याची मोठी झीज, किंवा नजरेतून सुटलेला मागच्या बाजूला निखळलेला खांदा, एवढ्याच प्रमुख शक्यता उरतात; त्यांतला निवाडा बहुतेकदा साध्या एक्स-रेवर होतो. एक्स-रे स्वच्छ असेल तर उरतो फ्रोझन शोल्डर, जो चाळीस ते साठ या वयात आणि मधुमेह असलेल्यांत अधिक दिसतो, आणि ज्याचे निदान करायला सहसा एमआरआयची गरज नसते. उलट, दुसऱ्याने उचलला तर हात पूर्ण जातो पण स्वतःला उचलता येत नाही, तर कंडरा किंवा नस यांचा विचार करावा लागतो. आणि मान वळवल्यावर कळ वाढत असेल, ती कोपराच्या खाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील, तर दुखण्याचे मूळ मानेत असू शकते. अशा माणसाच्या खांद्याचा एमआरआय काढला तरी वर सांगितल्याप्रमाणे त्यात काहीतरी सापडणारच, आणि मानेचे दुखणे राहील बाजूला आणि इलाज सुरू होईल खांद्यावर; स्कॅनमुळे होणारे नुकसान म्हणतात ते याला.

स्कॅनसाठी थांबण्याचा सल्ला कोणकोणत्या रुग्णांना मुळीच लागू होत नाही, हेही तितकेच स्पष्टपणे लिहायला हवे. पडल्यानंतर, जोराचा हिसका बसल्यानंतर किंवा अपघातानंतर खांद्याचा आकार बदललेला असेल, हात हलवताच येत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे हवा. मागे निखळलेला खांदा फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर होतो आणि समोरून काढलेल्या एका एक्स-रेत तो सुटू शकतो, म्हणून काखेच्या बाजूने घेतलेली दुसरी प्रतिमाही काढतात. हाड मोडलेले नाही, पण पडण्याआधी नीट उचलला जाणारा हात पडल्यावर उचलेनासा झाला, तर ही ताजी फाटलेली कंडरा असू शकते, आणि इथे 'बघू महिनाभर' म्हणणे महागात पडते. कारण फाटलेली कंडरा मागे खेचली जाते, तिच्या स्नायूत चरबी भरू लागते, आणि नंतर ती शिवणे अवघड होते. चाळिशीनंतर खांदा निखळून जागेवर बसवला असेल आणि त्यानंतरही हात उचलण्याची ताकद परत येत नसेल, तरीही कंडरा तपासूनच पाहावी लागते.

ताप आणि त्यासोबत गरम, सुजलेला, किंचितही हलवू न देणारा सांधा असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिथे सांध्यातले पाणी सुईने काढून तपासणे तातडीचे असते आणि स्कॅनची वाट पाहत बसायचे नसते. पूर्वी कर्करोग झालेला असणे, कारण नसताना वजन घटणे, विश्रांतीतही न थांबणारा आणि दिवसागणिक वाढणारा ठणका, खांद्यापाशी वाढत जाणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर प्रतिमा लवकर काढायची. फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाची गाठही कधी कधी खांदेदुखी होऊन समोर येते.

आणि काही खांदेदुखी खांद्याची नसतेच. चालताना, जिना चढताना वाढणारी, छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसोबत येणारी खांद्यातली कळ हृदयाची असू शकते, आणि अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाची वेळ घ्यायची नसते, तडक रुग्णालयात जायचे असते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यापाशी जाणवते, कारण पित्ताशयाच्या सुजेचा त्रास त्याच्या वरच्या श्वासपटलालाही (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) होतो, आणि त्याला जाणारी नस आणि खांद्यावरच्या त्वचेची संवेदना मानेतल्या जवळपास त्याच मज्जातंतूंमधून येतात. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे एकदम, विशेषतः सकाळी उठल्यावर, आखडून दुखू लागले, तर पॉलिमायाल्जिया रुमॅटिका नावाच्या विकाराचा विचार करतात. तिथे सुरुवातीला उपयोगी पडते ती रक्तातील सूज मोजणारी ईएसआर आणि सीआरपी ही तपासणी.

आता स्कॅन करायचाच ठरला तर कोणता, याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिली तपासणी जवळजवळ नेहमी एक्स-रे असते. त्यात कंडरा दिसत नाहीत, पण मोडलेले हाड, झीज, हाडातली गाठ आणि कंडरेत साचलेले कॅल्शियम दिसते. शेवटचे कारण अचानक उठणाऱ्या असह्य दुखण्यामागे असते आणि एमआरआयपेक्षा एक्स-रेमध्ये सहज ओळखता येते. आरपार फाटलेली कंडरा ओळखण्यात अनुभवी हातांनी केलेली सोनोग्राफी एमआरआयच्या जवळपास बरोबरीने चालते, शिवाय ती करताना हात हलवून पाहता येतो. एमआरआयची खरी गरज पडते ती शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाल्यावर: कंडरा किती मागे खेचली गेली आहे, स्नायूत चरबी किती भरली आहे, शिवली तर टिकेल का, हे त्यातून कळते. पुन्हा पुन्हा निखळणाऱ्या तरुण खांद्यात सांध्यात औषध सोडून काढलेला एमआरआय लागतो, कारण सांध्याच्या कडेची फाटलेली किनार साध्या एमआरआयमध्ये सुटू शकते.

माझ्या बाबतीत सगळा प्रश्न इथे येऊन ठेपला की, रिपोर्टमध्ये काहीही आले तरी पुढचे पाऊल बदलणार आहे का. हात पूर्ण वर जातो, ताकद शाबूत आहे, पडलो-झडलो नाही, ताप किंवा इतर लक्षणे नाहीत; अशा वेळी अर्धवट फाटलेली कंडरा दिसली तरी व्यायाम, आणि नुसती सूज दिसली तरी व्यायाम. आरपार फाटलेली निघाली तर? याचे उत्तर मला अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मिळाले. तिच्यात अपघाताशिवाय आरपार फाटलेल्या कंडरेच्या ४५२ रुग्णांना आधी फिजिओथेरपी दिली गेली, आणि दोन वर्षांत त्यांतल्या २५ टक्क्यांहूनही कमी जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. त्याहून मजेशीर गोष्ट अशी की, शस्त्रक्रियेकडे कोण वळणार हे कंडरा किती मोठी फाटली आहे यावरून तितके सांगता येत नव्हते. व्यायामाने बरे वाटेल असा रुग्णाचा विश्वास होता की नाही, यावरून ते अधिक चांगले सांगता येत होते.

रिपोर्टमधला आणखी एक शब्दप्रयोग लोकांना घाबरवतो, तो म्हणजे अ‍ॅक्रोमियनचे हाड वाकलेले आहे किंवा त्याला टोक आले आहे, आणि त्यामुळे कंडरा घासते आहे. ही कल्पना १९७२ साली चार्ल्स नीर या अमेरिकन शल्यविशारदाने मांडली आणि त्या हाडाचा खालचा भाग तासून काढण्याची शस्त्रक्रिया पुढे जगभर रूढ झाली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर तिची परीक्षा झाली तेव्हा काहींचे हाड खरोखर तासले, काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले आणि हाडाला हात लावला नाही, तर काहींवर काहीच केले नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या निष्कर्षांनुसार हाड तासलेले आणि न तासलेले रुग्ण सारखेच सुधारले होते. आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत दिसलेला फरकही रुग्णाला जाणवेल एवढा नव्हता. पुढच्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली. त्यामुळे एमआरआयमध्ये हाडाचे टोक दिसले आणि त्यावरून कुणी ते तासून घ्यायला सुचवले, तर ही परीक्षा माहीत असलेली बरी.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. न दुखणारी फाटलेली कंडरा तशीच राहते असे नाही. अशा रुग्णांवर पाच वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलेल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्या खांद्यांमध्ये ती आणखी फाटत गेलेली आढळली. वय कमी असेल, हाताने जड काम करायचे असेल, आणि ताकद खरोखर कमी झाली असेल, तर 'सध्या फक्त व्यायाम' हा सल्ला तेवढ्याच सहजपणे स्वीकारू नये. अशा व्यक्तीने सोनोग्राफी तरी लवकर करून घ्यावी असे मला वाटते. पण 'मनाला समाधान मिळावे म्हणून' स्कॅन करावा, हे मला पटत नाही. सगळे ठीक आहे असे लिहिलेला खांद्याचा रिपोर्ट पन्नाशीपुढे मिळणे फार कठीण, आणि 'फाटलेली' हा शब्द एकदा वाचला की तोवर बिनधास्त वर जाणारा हात माणूस जपून जपून उचलू लागतो.

मी डॉक्टरांशी बोलून असे ठरवले आहे की, आधी साधारण तीन महिने नेमाने व्यायाम करायचा. मधल्या काळात हात उचलण्याची ताकद कमी झाली, दुखणे रोज वाढू लागले, मुंग्या सुरू झाल्या किंवा कुठे पडलो, तर ही मुदत तिथेच संपली असे समजायचे. आणि तीन महिन्यांनी काहीच फरक नसेल तर आधी एक्स-रे, आणि त्यानंतर तपासणीत जे दिसेल त्यानुसार सोनोग्राफी किंवा एमआरआय.

तशी वेळ आलीच, तर चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते मी वाचून घेणार आहे. 'उजवा खांदा, दुखणे' एवढेच लिहिलेली चिठ्ठी रेडिओलॉजिस्टच्या हाती पडली, तर त्याला दिसेल ते सगळे नोंदवण्यावाचून गत्यंतर नसते. तिथे 'बाजूने हात उचलताना ताकद कमी, दुसऱ्याने उचलल्यास पूर्ण जातो, पडल्याचा इतिहास नाही, सुप्रास्पायनेटस आरपार फाटली आहे का आणि स्नायूची स्थिती काय' असे लिहिलेले असेल, तर उत्तरही त्याच प्रश्नाचे येते. सोबत जुना एक्स-रे असेल तर तोही न्यावा, आणि शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा धातूचे दुसरे काही बसवलेले असेल तर ते यंत्राच्या खोलीत शिरण्याआधी सांगावे.